गेल्याची ओटी

आई,

तुमचा कोणता फोटो मोठा करून लावायचा यावरून घरात वाद झाला. नितेशला तुमच्या पुतण्याच्या हळदीतला हवा होता. नऊवारी, गळ्यात असेल नसेल ते सगळं सोनं, अंबाड्यात अबोली आणि तोंड उघडून हसणाऱ्या तुम्ही. शेवटी तोच लावला. छान दिसताय. पण मला हवा होता तो फोटो कुणी काढलेलाच नाही. हॉस्पिटलचा हिरवा गाऊन, डोक्याला कागदी टोपी, तोंडाला मास्क आणि गाऊनच्या आत, तुमच्या छातीशी फडक्याने बांधलेली, संत्र्याएवढ्या डोक्याची आपली जुई. तिथे मोबाइल नेऊ देत नव्हते. मी स्वतःही ते दृश्य काचेबाहेरून पाहिलं, आणि तेही उशिरा, पायात उभं राहण्याएवढी ताकद आल्यावर.

तुमच्या उत्तरकार्याला आलेली माणसं तुमच्याबद्दल पुष्कळ बोलली. मिठागरावर तुम्ही पुरुषांच्या बरोबरीने पाट्या उचलायचात, गावात लग्न निघालं की धवला गायला पहिलं बोलावणं तुम्हाला यायचं, तुमचा आवाज खाडीच्या पलीकडे जायचा. सगळं खरं. मी चहाचे कप गोळा करत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, माझं सांगणं वेगळं आहे. ते चारचौघांत सांगता येत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते.

मी सांगलीकडची, मास्तरांच्या घरातली. नितेशशी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा मला तुमचं निम्मं बोलणं कळायचं नाही आणि तुम्हाला माझं सगळं कळायचं पण पटायचं नाही. आपण भांडलो, पण रुसून बसलो नाही. तुमच्या घरात रुसायला कुणाला वेळच नव्हता. भांडण व्हायचं आणि त्याच आवाजात तुम्ही विचारायचात, "जेवलीस का?"

जुईच्या वेळी दिवस गेले तेव्हा मी खांदा कॉलनीतल्या शाळेत बालवर्गाला शिकवत होते. सहावा महिना लागला तसा तुम्ही सूर लावलात.

"आथा घरी बस. ती बारकी पोरा, नाकातून येतं, तोंडातून येतं, सगला तुज्या साडीला पुसतात."

"आई, ती शाळा आहे. आणि मी बाळंतपणाची रजा शेवटी घेणार आहे, बाळासोबत घालवायला."

"रजा तुजी. पोट कुनाचा?"

"माझंच," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी डब्यात एक पोळी जास्त होती. तो वाद तिथेच राहिला.

मग गॅदरिंगची तालीम सुरू झाली. आमच्या वर्गातलं एक पोर अंगाला पावडर फासून आलं. नाच चुकू नये म्हणून त्याच्या आईने पुरळ झाकून पाठवलं होतं. मी त्याला कपडे बदलायला मदत केली तेव्हा पाठीवरचे फोड दिसले. त्याला लगेच घरी पाठवलं, पण मी तासभर त्याच्याजवळ होते. घरी येऊन सांगलीला फोन लावला, "आई, मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना?" माझी आई म्हणाली, "झाल्या होत्या की. की ताईला झाल्या होत्या? थांब हं, आठवते." तिला आठवेना. ताईलाच झाल्या होत्या, हे दोन आठवड्यांनी कळलं. आधी कणकण आली, मग पोटावर, मानेवर, केसांत पाण्याने भरलेले फोड.

तुम्ही ते पाहिलंत आणि हात जोडलेत. मला नाही, माझ्या अंगावरच्या फोडांना.

"देवी आलीय," तुम्ही म्हणालात. "घाबरू नको. तिचा मान ठेवला की येते तशी जाते."

तासाभरात दाराला कडुलिंबाची डहाळी लागली. घरात फोडणी बंद, मासळी बंद. तुम्ही चपला बाहेर काढायला लावल्यात आणि माझ्या खोलीत अनवाणी यायला लागलात. मी नितेशला म्हटलं, गाडी काढ, डॉक्टरकडे जायचंय. तुम्ही दारातच उभ्या होतात.

"देवीला औषध नसतं. औषध घेतला की ती आत कोंडते."

"आई, हा विषाणू आहे. शाळेतून आलाय. देवीचा काही संबंध नाही."

"मग त्याला शालेत कोनी धारला? तिनंच ना?"

"माझ्या पोटात बाळ आहे. एकटी असते तर पडून राहिले असते चार दिवस."

आपलं सगळ्यात मोठं भांडण ते. नितेश कधी तुमच्याकडे, कधी माझ्याकडे बघत उभा. शेजारच्या बायका अंगणात आल्या. मी त्याला म्हटलं, तू काढतोस गाडी की मी रिक्षा बोलावू? तेव्हा तुम्ही बाजूला झालात. तुमचा चेहरा रागाने लाल होईल अशी माझी अपेक्षा होती. तो पांढरा पडला होता. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, लागणारही नव्हता.

माझ्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि खुर्ची जवळ ओढून बसल्या. लहान मुलांना कांजिण्या म्हणजे आठवड्याची सुट्टी, त्या म्हणाल्या, पण मोठ्या माणसाला त्या जड जातात आणि दिवस भरत आलेल्या बाईला आणखी जड. कधी कधी आजार फुफ्फुसात उतरतो. आईची तब्येत अशी ढासळली की कळाही वेळेआधी सुरू होऊ शकतात. दर वेळी होतंच असं नाही, पण लक्ष ठेवायचं. त्यांनी विषाणूवरच्या गोळ्या लगेच सुरू केल्या. मी विचारलं, याची लस असते ना? असते, त्या म्हणाल्या, पण ती दिवस राहण्याआधी घ्यावी लागते. पोटात बाळ असताना देत नाहीत. लहान मुलांत काम करणाऱ्या बायकांनी तर लग्न ठरलं की विचारून घ्यावं. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. निघताना त्यांनी नितेशला बजावलं, "हिला दम लागतोय असं वाटलं तर सकाळची वाट बघू नका."

आई, दम लागतोय हे मला कळलं नाही. तुम्हाला कळलं. मी पलंगावर बसले होते, तुम्ही निंबाच्या पाल्याचं कोमट पाणी घेऊन दारात आलात आणि तिथेच थांबलात. माझ्या छातीकडे बघत राहिलात. मग पातेलं खाली ठेवलंत आणि ओरडलात, "नितेश, गाडी काढ! पोरीचा श्वास वरच्यावर चाललाय."

आदल्याच दिवशी औषधाला आडवं येणाऱ्या तुम्ही. मागच्या सीटवर माझं डोकं तुमच्या मांडीवर होतं. कळंबोलीला ट्रेलरची रांग लागली होती, एक ड्रायव्हर गाडी आडवी घालून पान लावत होता. तुम्ही खिडकीतून अर्ध्या बाहेर निघून त्याला जे काही सुनावलंत त्यातला एकही शब्द मी वर्गात उच्चारू शकत नाही. त्याने पान टाकून गाडी बाजूला घेतली. मला त्या अवस्थेतही हसू आलं होतं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

न्यूमोनिया झाला होता. ऑक्सिजन लावला, सलाइनमधून औषधं सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी पाठीतून कळा यायला लागल्या. आठवा महिना नुकता लागलेला. बाळाच्या फुफ्फुसांना बळ यावं म्हणून इंजेक्शन दिलं, कळा थांबवायचा प्रयत्न केला. त्या थांबल्या नाहीत. जुई जन्मली तेव्हा ती रडली की नाही मला ऐकू आलं नाही. कुणीतरी म्हणालं, "मुलगी आहे, श्वास घेतेय," आणि दोन माणसं तिला घेऊन जवळजवळ पळतच गेली. मी तिचा एक पाय पाहिला. माझ्या अंगठ्याएवढा.

माझ्या अंगावरचे फोड अजून ओले होते. माझ्याजवळ तिला आणणं धोक्याचं होतं. जन्मतःच तिला संरक्षणाचं इंजेक्शन दिलं आणि काचेच्या पेटीत ठेवलं. मी वेगळ्या खोलीत. नर्स यायची, माझं दूध काढून छोट्या बाटलीत न्यायची. तेवढाच आमचा संबंध.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नितेशने सांगितलं, नंतर नर्सने सांगितलं, थोडं डॉक्टरांनी. ते सगळं जोडून मी माझ्या मनात एक चित्र केलंय, चुकलं असेल तर आता दुरुस्त करायला तुम्ही नाही आहात.

जुई यंत्राशिवाय श्वास घ्यायला लागली होती, पण तिचं अंग गार पडायचं आणि वजन हलत नव्हतं. बालरोगतज्ज्ञ तरुण होते. तुम्ही दोघं बाहेर बाकावर बसला होता तिथे ते आले आणि म्हणाले, बाळाला आता माणसाची ऊब पाहिजे. उघड्या छातीला उघडं बाळ, दिवसभरात जितका वेळ जमेल तितका. हे आईने करायचं असतं, पण आईला अजून आणता येत नाही. नितेशने शर्टाची बटणं काढायला सुरुवातच केली. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला कांजिण्या झाल्यात कधी?" नव्हत्या झाल्या. मग तुम्हीही चालणार नाही, ते त्याला म्हणाले, तुम्ही त्याच घरात होता, उद्या-परवा तुमच्याही अंगावर उठतील. आणि नितेशच्या अंगावर उठल्याच. मग त्यांनी विचारलं, "घरात दुसरं कुणी, ज्यांना नक्की होऊन गेल्यात?"

तुम्ही म्हणालात, "मना."

"कधी, आजी? लहानपणी?"

"नाय. पोटुशी होते तवा. पयल्या वेलेला."

नितेश म्हणाला, "आई, माझ्या वेळेला?"

"तुज्या आधी."

दुपारची वेळ होती. मी नाकातली नळी सावरत पडले होते आणि फोन वाजला. नितेश होता. मला वाटलं, बाळाचं काही झालं. मग तो म्हणाला, "मेघा, मला एक बहीण होती."

तुम्ही नवऱ्याच्या घरी नवीन, मिठाचा हंगाम ऐन भरात, सातवा-आठवा महिना, आणि अंगभर देवी. माझ्यासारखंच. तुम्हाला मागच्या पडवीत ठेवलं, दाराला कडुलिंब बांधला. तापातच कळा आल्या आणि मुलगी झाली. तिला तुमच्याजवळ ठेवलं नाही, कारण तुमच्या अंगात देवी होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. एवढंच तुम्ही त्या डॉक्टरांना सांगितलंत, आणि तुमच्या मुलाला, ज्याला तोवर वाटत होतं की आपण थोरले.

त्यांनी तुमचं रक्त तपासून खात्री केली. मग म्हणाले, एकदा होऊन गेलं की शरीर ते विसरत नाही. बाळाला तुमच्यापासून धोका नाही.

नितेश सांगतो, तुम्ही त्यांना परत विचारलंत, "म्हंजे मना ती देवी येऊन गेली, म्हनून मना आथा हिला घेता येल?"

"हो आजी. म्हणूनच."

तुम्ही खाली बसलात, बाकावर नाही, फरशीवर. आणि मग उठून विचारलंत, "आंघोल कुठं करू?"

तुम्ही रोज सकाळी आंघोळ करून आत जायचात आणि जेवायला बाहेर यायचात, की परत आत. पाठ दुखायची तुमची, एरवी कधी खुर्चीत सलग अर्धा तास बसला नाहीत अशा तुम्ही. नर्सने सांगितलं, पहिल्या दिवशी तुम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतात, पोरगी हलू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी हळूच धवला सुरू केलात. लग्नातली गाणी, त्या एवढ्याशा जिवाला. शेजारच्या पेटीतल्या बाळाची आई म्हणायची, आजी, जरा मोठ्याने म्हणा, माझ्यालाही ऐकू द्या.

संध्याकाळी तुम्ही माझ्या खोलीच्या दाराशी यायचात. आत यायची परवानगी नव्हती. बाहेरून बातम्या द्यायचात, आणि त्या साऱ्या मजल्याला ऐकू जायच्या.

"आज मुतली बरी!"

"आज माजा बोट धरला. सोडंना."

"आज वजन वाढला, ती सिस्टर बोल्ली. तुजा दूध लागला तिला!"

त्या शेवटच्या वाक्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. तुम्हाला वाटलं दुखतंय. तुम्ही सिस्टरला हाका मारल्यात.

माझ्या खपल्या वाळल्या, डॉक्टरांनी परवानगी दिली. मी काचेबाहेर उभी राहून तुम्हाला पाहिलं ते तेव्हा. तुमचे डोळे मिटलेले होते. मी आत आले, तुम्ही गाऊनची गाठ सोडलीत, जुईला दोन्ही हातांनी उचललंत आणि माझ्या छातीवर ठेवलंत. "घे. तुजी हाय," म्हणालात आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेलात. मला तुम्हाला थांबवायचं होतं. हाक मारली असती तर थांबला असता की नाही, कोण जाणे.

शाळेवरून मात्र तुम्ही मला कधी बोलला नाहीत. कधीच नाही. मी वाट बघत होते, आई. घरी आल्यावर, बारशाला, पहिल्या वाढदिवसाला, कुठल्यातरी भांडणात तुम्ही म्हणाल, मी सांगत होते घरी बस. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, की घरी बसलेल्या बाईलाही आजार गाठतो, तुम्हाला कुठे शाळा होती? बरं झालं ते उत्तर वापरायची वेळ तुम्ही आणली नाहीत. उलट जुई चालायला लागल्यावर तुम्हीच म्हणालात, "शालेत जा आथा. पोर मी बगते."

त्या बाळाविषयी मी एकदाच विचारलं. ओट्यावर कोलंबी सोलत होतो. जुई पाळण्यात.

"आई, ती… तुमच्याजवळ अजिबात दिली नाही?"

तुम्ही कोलंबीचा धागा काढलात, पाण्यात टाकलीत. "पुढच्या खोलीत सुपात ठेवली व्हती. कापसात. मना आयकू यायचा. मांजराच्या पिलावानी." दुसरी कोलंबी घेतलीत. "छाती भरून यायची. लुगरा वला व्हायचा. कोनी नेला नाय दूध. कोनाला सुचला नाय."

"नाव ठेवलं होतं?"

"नाव ठेवाला बारा दिस लागतात."

मी टरफलं एका बाजूला केली. तुम्हीच पुढे म्हणालात, "मिठागराच्या बांदाकरं मातीत ठेवली, बोलतात. आथा तिथं रस्ता झाला. मोठा." मग हात धुतलेत आणि विचारलंत, कोलंबीत बटाटा घालायचा की शेवग्याच्या शेंगा. मी शेंगा म्हटलं. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तुम्हीही नाही. काढायला हवा होता का, हे मी गेले काही दिवस स्वतःला विचारतेय. माणूस असेपर्यंत वाटतं, कधीतरी निवांत बसू. आपल्या घरात निवांत कुणी बसलंच नाही.

आणि ओटीचं भांडण. ते तर संपलंच नाही.

दर चैत्रात तुम्ही गावच्या शितळादेवीची ओटी भरायला निघायचात आणि मला म्हणायचात, चल. मी म्हणायचे, येणार नाही.

"जिने आजार दिला तिचीच ओटी भरायची?"

"दिला नाय. आला. आल्याची ओटी नसते बाय, गेल्याची असते. गेला म्हनून भरायची."

"गेला तो औषधाने. मग डॉक्टरांची भरा."

"भरली ना!" आणि खरंच भरली होतीत. खण, नारळ आणि तांदूळ घेऊन तुम्ही माझ्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेला होता, भरल्या ओपीडीत त्यांना उभं करून ओटी भरलीत. बालरोगतज्ज्ञ पुरुष, म्हणून त्यांना नुसता नारळ. ते दोघं अजून मला भेटले की तेच आधी विचारतात, आजी कशा आहेत.

मी हसायचे, पण गेले नाही. मला वाटायचं, मी तिथे डोकं टेकवलं तर त्या पडवीतल्या दाराला, त्या कडुलिंबाला, त्या सुपाला मी बरोबर म्हटल्यासारखं होईल. तुम्हाला काय वाटायचं? ज्या देवीच्या नावाखाली तुमची मुलगी तुमच्यापासून दूर ठेवली, तिच्यापुढे तुम्ही दर वर्षी कशा उभ्या राहायचात? हे विचारायला जीभ रेटली नाही. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशीही आपण त्यावरूनच बोललो. तुम्ही खण आणून ठेवला होतात. मी म्हटलं, या वर्षीही मी येणार नाही हं. तुम्ही म्हणालात, "नको येऊ. मी जिवंत हाय तवर मी जाईन."

दुसऱ्या दिवशी जेवून तुम्ही कुशीवर झोपलात. जुई शाळेतून आली, दप्तर टाकून तुमच्याकडे धावली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मम्मा, आजी उठत नाहीये." डॉक्टर म्हणाले, हृदय, झोपेतच, कळलंही नसेल. लोक म्हणतात पुण्यवान. असेल. पण मला थोडा वेळ हवा होता, आई. मला तुमचे आभार मानायचे होते आणि ते कसे मानायचे ते मला इतक्या वर्षांत सापडलं नव्हतं. सासूला थँक्यू म्हणतात का? तुम्ही म्हणाला असता, "काय झाला तुना? बरी हायस ना?"

आता जे सांगायला बसले ते सांगते.

तुमच्या कार्याच्या दिवशी, पंगती उठत असताना, खालच्या आळीतली प्रणाली आली. मी तिला चेहऱ्याने ओळखत होते, एवढंच. कडेवर गुटगुटीत बाळ, सहा-सात महिन्यांचं. ती तुमच्या फोटोपुढे बसली, बाळाचं डोकं फोटोच्या चौकटीला टेकवलं आणि रडायलाच लागली. मी पाणी दिलं.

"वहिनी, काकींनी तुमाला नाय सांगितला?" ती म्हणाली.

"काय?"

पाचवा महिना असताना तिच्या अंगावर फोड उठले होते. घरच्यांनी दार लावलं, कडुलिंब बांधला. तिची आजेसासू म्हणाली, देवी आहे, कुणी औषध द्यायचं नाही. कुणीतरी तुम्हाला बाजारात हे सांगितलं. तुम्ही हातातली पिशवी तशीच घेऊन त्यांच्या दारात गेलात. आजेसासूने अडवलं, तू गावातली जाणती बाई, धवला म्हणतेस, शितळादेवीची ओटी भरतेस, आणि तूच देवीला औषध पाजणार?

"काकी काय बोल्ल्या, म्हायती हाय?" प्रणाली डोळे पुसत म्हणाली. "बोल्ल्या, मी वर्साला ओटी भरते तिची. माजी वलख हाय. देवीला मी समजावते, पोरी, तू गाडीत बस."

तुम्ही तिला रिक्षात घातलंत आणि माझ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलात. गोळ्या वेळेत मिळाल्या. आजार फुफ्फुसात उतरला नाही. तुम्ही तिच्या नवऱ्याला रोज विचारायचात, दम लागतो का तिला, श्वास बघ तिचा. आणि ती एकटी नव्हती. तिच्या आधी आणखी दोघी होत्या, एकीला तर नुसता घामोळ्याचा पुरळ होता, तरी तुम्ही नेलंत.

मला तो दिवस आठवतो, आई. भरदुपारी आला होता, घामाघूम, पिशवीतल्या मेथीची पार भाजी झालेली. मी विचारलं, कुठे होता इतका वेळ? तुम्ही म्हणालात, भाव करत होते. मग चहा घेतलात, आणि त्याच संध्याकाळी माझ्याशी तावातावाने वाद घातलात की विषाणू-बिषाणू काय ते तुमच्या पुस्तकात, देवी ती देवीच.

मला का नाही सांगितलंत? मी जिंकले असं वाटलं असतं म्हणून? की तुमच्या लेखी तो वाद नव्हताच, माझ्याच लेखी होता? दोन्ही गोष्टी तुमच्या एकाच पिशवीत मावत होत्या, देवीचा खणही आणि दवाखान्याचा पत्ताही, आणि मी मात्र दर चैत्रात तुम्हाला एक काहीतरी निवडा म्हणत होते. मला राग आला, खरं सांगते. इतक्या वर्षांचं भांडण तुम्ही परस्पर मिटवून टाकलंत आणि मला कळवलंही नाहीत. मग स्वयंपाकघरात जाऊन मी खूप रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

बाहेर आले तर प्रणालीने बाळ जुईच्या मांडीवर दिलं होतं. जुईने त्याची मान नीट धरली होती. भरलेलं, पुऱ्या दिवसांचं, जड मूल. त्याने तिची वेणी मुठीत धरली होती आणि सोडत नव्हतं.

"मम्मा," जुईने विचारलं, "हा आपला कोण लागतो?"

मी नात्यांची नावं मनात लावून पाहिली. एकही बसेना.

"आजीचा आहे," मी म्हटलं.